लंडनमधली शनिवारची शाळा

२०१९ च्या मे महिन्यात मुलीच्या बाळंतपणासाठी मी लंडनला गेले. आमच्या घराण्यात समुद्र ओलांडणारी पहिली बाई मी, असे लिहिणार होते. पण मुलगी आधीच गेलेली, तेव्हा मी दुसरी. जाताना मनात दोनच इच्छा होत्या. नातवंडाचे तोंड पाहायचे आणि बाबासाहेब ज्या घरात राहून शिकले ते घर पाहायचे. राजवाडा, पूल, मोठे घड्याळ यांची मला फारशी ओढ नव्हती. पण आज लिहायचे आहे ते तिसऱ्याच गोष्टीबद्दल. ती पाहायला मी ठरवून गेले नव्हते.

मुलगी-जावई राहतात तो भाग उत्तर लंडनमधला वुड ग्रीन. लंडन म्हणजे जिकडेतिकडे गोरे लोक आणि हिरवळ अशी माझी समजूत होती. इथे रस्त्यावर उतरले तर एका बाजूला तुर्की लोकांची पावाची भट्टी, दुसऱ्या बाजूला आफ्रिकी बायकांच्या वेण्या घालून देणारे दुकान आणि मध्ये भाजीवाला, त्याच्याकडे भेंडी आणि हिरवी मिरचीसुद्धा. कामगारांची वस्ती. सकाळी पाच वाजताच्या बसला साफसफाई करणाऱ्या बायकांची गर्दी असते, असे जावयांनी सांगितले. ऐकून मला परके वाटेनासे झाले.

मुलीच्या घराला लागूनच एक वयस्कर बाई राहत. मूळच्या बार्बाडोस बेटावरच्या. क्रिकेटच्या शौकिनांना गारफिल्ड सोबर्समुळे हे बेट ठाऊक असेल. वय ७७, कंबर ताठ, आयुष्यभर इस्पितळात परिचारिकेची नोकरी केलेली. बाळंतिणीला पाहायला आल्या त्या मक्याच्या पिठाची भेंडी घालून केलेली उकड घेऊन. मी त्यांना मनातल्या मनात मावशी म्हणू लागले. पुढे तोंडानेही म्हटले आणि अर्थ सांगितला, तर त्यांना ते फार आवडले.

मावशींनी हॉलमधली बाबासाहेबांची तसबीर पाहून मला विचारले, "हे तुमचे वडील का?"

मुलगी हसली. मी म्हटले, "होय, तसेच समजा." आणि मग जेवढे इंग्रजी मला येते तेवढ्यात सगळे सांगितले. त्या मन लावून ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "त्यांचे घर पाहायला आपण दोघी जाऊ. मला बसचा पास फुकट आहे."

बाळ दीड महिन्याचे झाले तेव्हा आम्ही निघालो. वुड ग्रीनहून २९ नंबरची बस कॅम्डन टाउनला जाते. तिथून चॉक फार्म, मग रेल्वेवरचा पूल ओलांडला की किंग हेन्रीज रोड. दहा नंबरचे घर. एकाला एक लागून असलेल्या उंच घरांच्या ओळीतले ते एक. भिंतीवर निळी गोल पाटी आहे, तिच्यावर बाबासाहेबांचे नाव आणि १९२१-२२ ही साले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये हे घर विकत घेतले, हे वाचकांना ठाऊकच आहे. आम्ही गेलो त्या वर्षी तिथल्या नगरपालिकेशी स्मारकाच्या परवानगीवरून वाद चालला होता. पुढे मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली.

मी फुटपाथवर उभी राहून हात जोडले. पोटाला चिमटा घेऊन, ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत वाचत बसणारा तो तरुण इथून रोज पायी निघत असेल, एवढे एकच डोळ्यांसमोर येत होते. मावशी शेजारी शांत उभ्या होत्या. परत फिरताना त्यांनी एक प्रश्न विचारला. "याला लहानपणी पुढे ढकलणारा कोण होता? घरचे सोडून?"

असा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. आपण बाबासाहेबांच्या बुद्धीचे आणि कष्टांचे गोडवे गातो आणि ते योग्यच आहे. पण मी केळुस्कर गुरुजींची गोष्ट सांगितली. चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर वाचत बसणारा मुलगा कृष्णराव अर्जुन केळुस्करांनी पाहिला, विचारपूस केली, पुस्तके दिली. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर सत्काराच्या सभेत आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे महाराज सयाजीराव गायकवाडांपर्यंत त्याला पोहोचवायला तेच झाले. नात्याचा नाही, जातीचा नाही, असा एक मोठा माणूस एका पोराच्या पाठीशी वर्षानुवर्षे उभा राहिला.

मावशी म्हणाल्या, "बरोबर. नुसत्या हुशारीवर भागत नाही. आता येताना फिन्सबरी पार्कला उतरू. तुम्ही तुमचे घर दाखवले, मी आमचे दाखवते."

तीच २९ नंबरची बस परतीच्या वाटेवर फिन्सबरी पार्कवरून जाते. स्टेशनच्या बाजूने स्ट्राऊड ग्रीन रोड लागतो. त्यावर ७६ नंबरला पुस्तकांचे एक लहानसे दुकान, न्यू बीकन बुक्स. वर जॉर्ज पॅडमोर इन्स्टिट्यूट नावाची संस्था, १९९१ मध्ये स्थापन झालेली, तिथे त्यांच्या चळवळीची कागदपत्रे जपून ठेवली आहेत. हे दुकान १९६६ मध्ये जॉन ला रोझ आणि सारा व्हाइट या दोघांनी सुरू केले. ला रोझ मूळचे त्रिनिदादचे, कवी आणि कामगार चळवळीतले कार्यकर्ते. २००६ मध्ये ते वारले. काळ्या लोकांनी लिहिलेली पुस्तके त्यांनी स्वतःच छापायला सुरुवात केली. आपल्याकडे दीक्षाभूमीच्या आणि चैत्यभूमीच्या मैदानावर पथारी मांडून पुस्तके विकणाऱ्यांची मला आठवण झाली.

"पण हे दुकान म्हणजे तुमचे घर कसे?" मी विचारले.

तेव्हा जवळच्या चहाच्या दुकानात बसून मावशींनी जे सांगितले ते इथे लिहिते. काही भाग त्यांच्या तोंडचा, काही मी नंतर वाचून पक्का केलेला.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडला कामाला माणसे हवी होती. १९४८ मध्ये एम्पायर विंडरश नावाच्या बोटीने वेस्ट इंडिजमधले कितीतरी लोक आले, मग येतच राहिले. लंडनच्या बस खात्याने तर १९५६ पासून थेट बार्बाडोसमध्ये भरती सुरू केली. कोकणातून आणि घाटावरून गिरण्यांत माणसे आली तसेच हे. मावशी १९६१ मध्ये एकोणिसाव्या वर्षी इस्पितळात शिकायला आल्या. नवरा बसवर कंडक्टर. मुलगा झाला, शाळेत जाऊ लागला. दोघांच्याही पाळ्या, त्यामुळे शाळेत फारसे जाणे होत नसे. गोरे मास्तर आहेत, चांगलेच शिकवत असतील असा विश्वास होता.

मुलगा सात वर्षांचा असताना शाळेतून बोलावणे आले. मुख्याध्यापक फार गोड बोलले. म्हणाले, "तुमच्या मुलाला आम्ही एका खास शाळेत पाठवतो आहोत. वर्गात मुले कमी असतात. न्यायला गाडी येते. इथे सही करा."

"खास शाळा!" मावशी म्हणाल्या. "मला वाटले मुलगा हुशार निघाला. मी त्या रात्री वॉर्डात सगळ्यांना सांगत सुटले."

ती शाळा हुशार मुलांची नव्हती. 'शैक्षणिकदृष्ट्या कमी कुवतीच्या' मुलांची होती. सरकारी नावच तसे. एकदा तिथे गेलेले मूल साध्या शाळेत क्वचितच परत येई, कुठलीही मोठी परीक्षा देत नसे. 'खास' या शब्दाने फसलेल्या मावशी एकट्याच नव्हेत. त्यांच्यासारखे कितीतरी आईबाप त्या काळी आनंदाने सही करून मोकळे झाले.

हे सगळे उघड कसे झाले, त्याची हकिगत याच भागातली आहे. वुड ग्रीन आणि ला रोझ यांचे घर हे दोन्ही हॅरिंगे या पालिकेत येतात. १९६९ मध्ये तिथल्या पालिकेने मुलांना चाचणी घेऊन पट्ट्या-पट्ट्यांत वाटायचे आणि शाळाशाळांत पांगवायचे असे ठरवले. त्यामागचा एक गोपनीय अहवाल बाहेर फुटला. वेस्ट इंडियन मुलांची बुद्धीच कमी असते, असा त्यात सूर होता. उत्तर लंडनमधले वेस्ट इंडियन पालक खवळले. सभा झाल्या, पत्रके निघाली, आणि ती योजना अखेर बारगळली. पण ला रोझ आणि त्यांच्या मित्रांच्या लक्षात आले की योजना मोडली म्हणून मुलांना वाचता येऊ लागणार नाही. त्याच १९६९ साली ला रोझ यांनी आपल्या घरातल्या पुढच्या खोलीत दर शनिवारी मुलांना जमवायला सुरुवात केली. तीच जॉर्ज पॅडमोर शाळा. पॅडमोर हे त्रिनिदादचे, आफ्रिकेच्या स्वातंत्र्यासाठी झटलेले मोठे नेते. मुलांना आपला माणूस कोण हे कळावे म्हणून ते नाव.

दोन वर्षांनी, १९७१ मध्ये, याच न्यू बीकनने एक लहान पुस्तिका छापली. लेखक बर्नार्ड कोअर्ड, ग्रेनाडा बेटावरचा तरुण शिक्षक. त्याने स्वतः लंडनच्या त्या 'कमी कुवतीच्या' शाळांत शिकवले होते. पुस्तिकेच्या लांबलचक नावाचा अर्थ असा: ब्रिटिश शाळांमध्ये वेस्ट इंडियन मुलाला कमी कुवतीचे कसे बनवले जाते. 'असते' नव्हे, 'बनवले जाते'. लंडनच्या शिक्षण खात्याचेच आकडे त्याने पुढे ठेवले. साध्या शाळांत परदेशांतून आलेल्यांची मुले १५ टक्के, पण या शाळांत २८ टक्क्यांहून जास्त. आणि त्यांतली चारातली तीन वेस्ट इंडियन. (हाच कोअर्ड पुढे ग्रेनाडाच्या राजकारणात गेला, १९८३ मधल्या पंतप्रधान बिशप यांच्या हत्येच्या प्रकरणात दोषी ठरला आणि २००९ पर्यंत तुरुंगात राहिला. तो वेगळाच विषय. पण ही पुस्तिका त्याने लिहिली आणि तिच्यामुळे हजारो आईबापांचे डोळे उघडले, हेही तितकेच खरे.)

कोअर्डचे म्हणणे सरळ होते. चाचणी गोऱ्या मध्यमवर्गीय घरातल्या भाषेत, तपासणारे त्याच घरातले, आणि मूल नव्या देशात बावरलेले. शिक्षकाने एकदा ठरवले की याला येणार नाही, की तो शिकवत नाही. मुलालाही हळूहळू तसेच वाटू लागते. मग ते खरेच मागे पडते आणि शिक्षक म्हणतो, मी म्हटलेच होते.

मावशींनी टेबलावर बोट आपटले. "माझ्या मुलाला नळाचे चित्र दाखवले. आमच्याकडे नळाला पाइप म्हणतात. तो 'पाइप' म्हणाला. चूक!"

त्यांनी हे सांगितले आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला. आता मला माझे सांगणे भाग आहे.

मी तेहतीस वर्षे मुंबईत पालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. १९९४ साली माझ्याकडे दुसरीचा वर्ग होता. परभणीकडून आलेल्या एका नाका कामगाराचा मुलगा त्या वर्गात होता. आपल्याच समाजातला. तो 'का' म्हणायच्या ऐवजी 'काहून' म्हणे आणि वर्ग हसे. चाचणीत चित्रे होती, प्रत्येक चित्राखाली त्याचे पहिले अक्षर लिहायचे. विळ्याच्या चित्राखाली त्याने 'इ' लिहिली. मी लाल फुली मारली. त्याच्या घरी विळ्याला 'इळा' म्हणतात. त्याने ऐकले तसे अगदी बरोबर लिहिले होते. अक्षर येत होते, आवाज कळत होता, हात चालत होता. हे मला त्या दिवशी सुचले नाही. माझी आजी इळाच म्हणायची, तरीही सुचले नाही. वर्षअखेर त्याच्या नावापुढे मी शेरा लिहिला: मंद, प्रगती नाही. शिक्षकांच्या खोलीत आम्ही अशा मुलांना सरळ 'ढ' म्हणत असू. मीही म्हणत असे.

वर्गात साठ मुले होती, हे खरे. पण साठही मुलांच्या पुढे मी 'मंद' लिहिले नव्हते.

सातवीनंतर त्याने शाळा सोडली. पुढे २००८ च्या सुमारास बाजारात टेम्पोतून गोणी उतरवताना दिसला. मला ओळखून म्हणाला, "जयभीम बाई, तब्येत बरी हाय ना?" त्याच्या मनात काहीच नव्हते. मी घरी आले आणि विसरले. लंडनमध्ये चहाच्या दुकानात ते सगळे परत आले.

मावशींना मी हे सांगितले. सांगताना लाज वाटली, पण सांगितले. त्यांनी माझे सांत्वन वगैरे केले नाही. म्हणाल्या, "आमच्यातही काही शिक्षक तसेच निघाले." आणि पुढची गोष्ट सुरू केली.

सही करायच्या आधी नवऱ्याच्या डेपोतल्या एका सहकाऱ्याने सावध केले. तोवर ला रोझ यांच्यासारख्या शनिवारच्या शाळा हॅकनी, ब्रिक्स्टन, लीड्स, मँचेस्टर अशा ठिकठिकाणी निघू लागल्या होत्या. कुठे कोणाच्या घरात, कुठे चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. मावशींचा मुलगा टॉटनहॅममधल्या अशाच एका हॉलमध्ये जाऊ लागला. सकाळी दहा ते एक. वाचन, लेखन, गणित आणि आपला इतिहास. शिकवणारे कोण? विद्यापीठात शिकणारी मुले-मुली, एक टपाल खात्यातला कारकून, एक शिवणकाम करणारी बाई. पगार कोणालाच नाही. आया पाळीपाळीने भात आणि राजमा करून आणत.

मला कुतूहल होते ते या गोष्टीचे, की शाळेत जे सहा वर्षांत झाले नाही ते शनिवारच्या तीन तासांत कसे होणार? मावशींनी सांगितले त्यात शिकवण्याची कुठलीही नवी पद्धत नव्हती. एका तरुणाकडे चारच मुले. आणि तीच चार मुले, तीन वर्षे. त्यांच्या मुलाला मिळालेला तरुण गयानाचा, इंजिनिअरिंग शिकणारा. पहिले तीन शनिवार त्याने पुस्तक उघडलेच नाही. नुसता बोलत राहिला, मुलाला बोलू दिले. बुधवारी संध्याकाळी तो घरी डोकावून जाई, पाच-दहा मिनिटे, गृहपाठ झाला का एवढेच विचारायला. मुलगा मार खाऊन आला तर त्याला आधी कळे, आईला नंतर.

आणि आणखी एक गोष्ट. शाळेत पालकांना बोलावले की तो सोबत येई. नवऱ्याची पाळी असली की मावशी आणि तो तरुण. तो फारसे बोलत नसे. वही काढून मुख्याध्यापक काय म्हणतात ते लिहून घेई. "तो वही काढून बसला की मुख्याध्यापकांचा सूर बदलायचा," मावशी म्हणाल्या. "एकटी असताना मला नुसते सांगितले जायचे. त्या दिवसापासून मला विचारू लागले."

मुलगा खास शाळेत गेला नाही. आज तो भुयारी रेल्वेत वीजतंत्री आहे. बॅरिस्टर झाला नाही, डॉक्टर झाला नाही. मावशींनी हे जरा ठासून सांगितले. आपल्याकडे अशा गोष्टी आपण नेहमी कलेक्टरवर नेऊन संपवतो, तेव्हा त्यांचे हे सांगणे मला बरे वाटले.

पालकांच्या या चळवळीने सरकारलाही हलावे लागले. १९८१ च्या शिक्षण कायद्याने 'कमी कुवतीची मुले' हा वर्गच काढून टाकला. त्याच वर्षी रॅम्प्टन समितीचा अहवाल आला, १९८५ मध्ये स्वान समितीचा. शिक्षकांच्या मनातला वर्णभेद मुलांना मागे ओढतो, हे सरकारी कागदावर आले. १९९९ नंतर शहरांतल्या गरीब भागांतल्या शाळांमध्ये मुलांच्या पाठीशी उभे राहणारे पगारी मार्गदर्शक नेमण्याची योजनाही आली. म्हणजे तो गयानाचा तरुण वही घेऊन जे फुकट करत होता, ते सरकारला तीस वर्षांनी सुचले. सगळे काही ठीक झाले असे मात्र नाही. शाळेतून काढून टाकल्या जाणाऱ्या मुलांत कॅरिबियन मुलांचे प्रमाण अजूनही जास्त आहे, आणि शनिवारच्या किती शाळा जागेअभावी बंद पडल्या. मी भारतात परतल्यावर २०२० मध्ये स्टीव्ह मॅक्वीन या दिग्दर्शकाने या विषयावर 'एज्युकेशन' नावाचा चित्रपट काढला. मुलीने तो मला फोनवर दाखवला. त्यातला एक प्रसंग मला पुढे बघवला नाही.

परतीच्या बसमध्ये मी मावशींना नायगावचे सांगितले. बी.डी.डी. चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत आम्ही नऊ माणसे. अभ्यासाला जागा नाही. चाळीतले एक दादा गोदीत टॅली क्लार्क होते, मॅट्रिकपर्यंत शिकलेले. रात्री जेवण झाले की ते आम्हा सातआठ पोरांना गॅलरीतल्या दिव्याखाली बसवत. स्वतः पेपर वाचत, पण उठून जाऊ देत नसत. आठवीत मी गणितात नापास झाले तेव्हा वडील म्हणाले, बास झाले, घरकाम शिकू दे. दादा ओळीने तीन रात्री आमच्या दाराशी येऊन बसले. चौथ्या दिवशी वडील हो म्हणाले. मी शिक्षिका झाले ती त्या तीन रात्रींमुळे. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, लगेच पुढच्या वर्षी सोलापुरात मुलांचे वसतिगृह सुरू केले. दादांसारखी माणसे त्याच मुशीतली. आपल्याला हे कोणाकडून उसने घ्यायची गरज नव्हती. १९७२ मध्ये आपल्या पोरांनी अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून पँथर हे नाव घेतले. पण गॅलरीतला दिवा आपला स्वतःचा होता.

मावशींनी विचारले, "मग आता त्या गॅलरीत कोण बसते?"

मी काय सांगणार? आम्ही शिकलो, नोकऱ्या लागल्या, कोणी डोंबिवलीला गेले, कोणी कल्याणला, मी चेंबूरला. दादा गेले तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेला आम्ही सगळे जमलो होतो. त्यांच्या जागी बसायला कोणी गेले नाही. मीही गेले नाही.

ऑक्टोबरमध्ये मी परत आले. आमच्या इमारतीमागे वस्ती आहे, तिथे विहार आहे. छान संगमरवरी फरशी, पंखे, मोठी बुद्धमूर्ती. पौर्णिमेला, १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला उघडते. एरवी कुलूप. शनिवारी दुपारी दोन तास किल्ली द्या, एवढेच मी समितीकडे मागितले. फरशी खराब होईल, मुले मस्ती करतील, लाईटबिल कोण भरणार, असे तीन महिने चालले. जयंतीच्या डीजेला जेवढे एका रात्रीत जातात त्यात किती वर्षांचे लाईटबिल भरेल ते मी एका बैठकीत मांडले, त्यावर काही मंडळी रागावली. शेवटी समितीतल्या एका भाजी विकणाऱ्या ताईंनी किल्ली आणून माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "मी भरते बिल. माझी दोन हायेत पाचवी-सातवीत."

जानेवारी २०२० मध्ये वर्ग सुरू झाला आणि मार्चमध्ये टाळेबंदीने बंद पडला. मग दोन वर्षे काहीच नाही. २०२२ मध्ये पुन्हा सुरू केला तेव्हा सातवीतली मुले दोन अंकी वजाबाकी विसरली होती. मी पहिल्यांदा जुन्या सवयीने सगळ्यांना ओळीत बसवून फळ्यावर शिकवू लागले. दोन शनिवारांत निम्मी मुले गळाली. मग मावशींचे आठवले आणि वस्तीतली कॉलेजची पोरे शोधली. एकाकडे चार मुले, तीच चार, वर्षभर. मधल्या वारी संध्याकाळी घरी डोकावायचे. शाळेत पालकसभेला आईसोबत जायचे आणि वही काढून बसायचे. या शेवटच्या गोष्टीला पोरे आधी लाजत होती. आता एक मुलगी तर मुद्दाम जाड वही घेऊन जाते.

नेहमी नीट चालते असे नाही. कॉलेजच्या परीक्षा आल्या की शिकवणारेच गायब होतात. एक मुलगा कुरियरच्या कामाला लागला आणि त्याची चार मुले पोरकी झाली, त्यांना दुसऱ्याकडे जायचे नव्हते. दोन आठवड्यांनी तो रविवारी सकाळी येतो म्हणाला, तेव्हा त्या चौघांपुरता वर्ग रविवारी भरतो. समितीतले काका अजून फरशीकडे बघत येतात. पण हल्ली बसतात, आणि मुलांची उजळणी घेतात.

मी स्वतः फक्त सगळ्यांत लहान मुलांना घेते. चित्राखाली अक्षर लिहायला दिले की आधी विचारते, "तुझ्या घरी याला काय म्हणतात?" परवा एका मुलीने विस्तवाला 'इस्तू' म्हटले. आम्ही फळ्यावर दोन्ही लिहिले, तिचाही शब्द आणि पुस्तकातलाही.

मावशी आता ऐंशीच्या पुढे आहेत. मुलीच्या फोनवरून कधीकधी बोलतात आणि पहिला प्रश्न एकच असतो, किती मुले आली? मागच्या शनिवारी सतरा आली होती. नववीची तीन आहेत आणि त्यांना बीजगणित शिकवायला आमच्याकडे कोणी नाही. माझे गणित आठवीपर्यंतचे, तेही दादांच्या कृपेने. शनिवारी दुपारी चार ते सहा. चेंबूरच्या आसपास राहणारे कोणी असेल, आणि वर्षभर येईन अशी खात्री असेल, तर विहाराचे दार उघडेच असते.